हरकत नाय

आमच्याकडे कोणी दारात येऊन काही मागितलं की माणूस "हरकत नाय" म्हणतो. लग्नाला खाट न्यायची आहे, हरकत नाय. तुमच्या अंगणातून ट्रॅक्टर काढतो, हरकत नाय. आमचा पेंढा तुमच्या बांधावर रचतो, हरकत नाय. आपल्याला ते चालतं असा त्याचा अर्थ नसतो. तोंडावर नाही म्हणायची आपल्याला सवय नाही, एवढाच अर्थ असतो. खाट घेऊन माणूस वळणापलीकडे गेला की आपण घरात येऊन त्याच्या नावाने बोटं मोडतो. हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून तो खाट लवकर आणून देतो आणि ट्रॅक्टर नेताना तुळशीला धक्का लावत नाही. आमचं सगळं आयुष्य असंच चाललं आणि बरं चाललं.

ह्या दोन शब्दांवर दारूचं दुकान उभं राहू शकतं हे मला ह्या वयात कळलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पळसदरीच्या पुढे, धरणाच्या अंगाला आमचं घर. पूर्वी फक्त भातशेती होती. नवरा दारू पीत असे आणि त्यातच गेला, त्यावर रडून झालेलं आहे. मुलगा खोपोलीच्या एका कंपनीत जातो, पण ती कंपनी कधी चालू असते तर कधी बंद. घर चालतं ते सुनेच्या दोन खोल्यांवर. सून भिसेगावची, बारावी शिकलेली. तिने घरामागे दोन खोल्या बांधून घेतल्या आणि शनिवार-रविवार पाहुणे ठेवायला लागली. ठाण्याचे, डोंबिवलीचे लोक म्हातारे आईबाप आणि लहान पोरं घेऊन येतात. चुलीवरची तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं खातात आणि झोपतात. खरं सांगते, निम्मे लोक झोपायलाच येतात. शहरात त्यांना झोप मिळत नाही. मला आधी हसू यायचं, पैसे देऊन झोपायला येतात म्हणून. सून म्हणायची, "आई, आपण भाकरी नाय इकत, शांतता इकतो."

ही भाकरी विकायला तिने केवढी पायपीट केली. पंचायतीचा कागद, अन्नाचा परवाना, पाण्याची तपासणी. एक साहेब येऊन आमच्या मोरीत वाकून बघून गेला. माझ्या हातावरचा जुना चट्टा बघून, तुम्हाला काही रोग आहे का, असं विचारलं. पातेल्याने भाजलेलं आहे म्हटलं तर मानेना. मला राग आला होता. आता वाटतं, साहेब निदान येऊन बघून तरी गेला.

आमच्या खोल्यांमागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे रिसॉर्ट. ती जमीन माझ्या दिराची होती. दीर गेल्यावर पोरांनी ती मुंबईच्या एका माणसाला विकली. त्याने तिथे पोहायचा तलाव केला, हिरवळ लावली, एक मोठा हॉल बांधला. मालक मी आजवर बघितलेला नाही. सगळं त्याचा मॅनेजर बघतो. मॅनेजर पुण्याकडचा, गोड बोलणारा, तिशीतला. सुरुवातीला तिथे दारू विकत नव्हते, पण दारू होतीच. पाहुणे येताना शिळफाट्यावरून बाटल्या घेऊन येत. तिथे पीत, गाडीत पीत, धरणाच्या कडेला बसून पीत. सोमवारी सून धरणाच्या वाटेवरून काचा गोळा करून आणायची, कारण आमची म्हैस त्याच वाटेने जाते.

एके दिवशी दुपारी मॅनेजर आमच्याकडे आला. हातात पेढ्यांचा बॉक्स. बरोबर एक मुलगी, तिच्या हातात मोबाईल. मी ओटीवर वाल सोलत बसले होते. सून बाजारात गेली होती.

तो खाली वाकून नमस्कार करत म्हणाला, "आजी, आशीर्वाद द्या. आपल्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांसाठी थोडी करमणुकीची सोय करतोय. शेजारी म्हणून तुम्हाला विचारायला आलो. तुमची काही हरकत नाही ना?"

करमणूक म्हणजे मला वाटलं झोपाळे, पतंग, लेझीम. मी म्हटलं, "हरकत नाय बाबा. बस, चहा घे."

त्या मुलीने मोबाईल माझ्याकडे धरला होता. मला वाटलं फोटो काढतेय. म्हणून मी पदर नीट केला.

सून आल्यावर तिने पेढे बघितले आणि विचारलं, "कोण आलं होतं?" मी सांगितलं. पेढे तिने म्हशीला घातले. मला तेव्हा ते फार वाईट वाटलं, पेढे चांगले होते.

मग ग्रामसभा आली. शाळेच्या मोठ्या वर्गात, सकाळी. मी सहसा जात नाही. तिथे रस्ता, नळ, घरकुल हेच चालतं आणि जो मोठ्याने बोलतो त्याचं होतं. पण सून म्हणाली, "आई, आज चला." म्हणून गेले. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर. सरपंच खालच्या आळीची बाई, सुनेच्याच वयाची. ग्रामसेवकाने विषय वाचले. तो इतका भरभर वाचत होता की पोथी संपवून जेवायला जायचं आहे असं वाटावं. मधेच काहीतरी "पर्मिट रूम व करमणूक परवाना, ना हरकत ठराव" असं म्हणाला आणि पुढे निघाला.

सून उठून म्हणाली, "भाऊ, मागचं परत वाचा."

त्याने परत वाचलं. रिसॉर्टला दारू विकायचा आणि डीजे लावायचा परवाना हवा होता. परवाना देतात जिल्ह्याचे साहेब, पण गावाचा ठराव लागतो. मॅनेजर पुढच्याच खुर्चीवर बसला होता. उठला, सगळ्यांना हात जोडले.

"गावाला विचारल्याशिवाय आम्ही काहीच करणार नाही. म्हणून मी स्वतः घरोघर जाऊन आलो. शेजारच्या सगळ्या माउलींनी आशीर्वाद दिलेत. आपण बघूच."

शाळेचा मोठा टीव्ही त्याने आधीच जोडून ठेवला होता. त्यावर एकेक तोंड दिसायला लागलं. आधी माझी जाऊ. "हरकत नाय रं, आमचंच पोरगं हाय तिथं." मग वरच्या आळीतली एक म्हातारी, तिला ऐकू येत नाही. "हां हां, हरकत नाय." आणि मग मी. केवढं मोठं माझं तोंड! पदर सारखा करतेय. "हरकत नाय बाबा. बस, चहा घे."

सगळा वर्ग हसला. एक जण ओरडला, "काकी, टीव्हीत आल्या तुमी! आता पार्टी द्या!"

माझंच तोंड, माझाच आवाज, आणि बोलणं मात्र माझं नव्हतं. आरशात बघावं आणि आतल्या बाईने आपल्याला न विचारता बोलायला लागावं, तसं काहीतरी. मी उठले.

"ती मीच हाय," म्हटलं. "पण मला करमणूक म्हणाला. दारू नाय म्हणाला. मी चहाला हरकत नाय म्हणाले."

सरपंच म्हणाली, "काकी, चहाला कोन हरकत इचारतो का?" परत हशा.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "आजी, करमणुकीत सगळं येतं."

"मंग आता म्हणते. माझी हरकत हाय."

हे मी मोठ्याने म्हणाले आणि हसणारी तोंडं माझ्याकडे वळली. आमच्यात "हरकत हाय" असं कोणी भरसभेत म्हणत नाही. ते शिवी दिल्यासारखं वाटतं. मी बायकांकडे बघितलं. वाटलं, आता एकेक उठेल. ह्यांच्यातल्या कितीजणींनी नवऱ्याला रस्त्यातून उचलून घरी आणलेलं मी बघितलंय, आणि त्यांनी मला बघितलंय. कोणी उठली नाही. माझी जाऊ बांगड्या फिरवत बसली. तिचा मुलगा रिसॉर्टच्या फाटकावर वॉचमन आहे, बायकोपोरं असलेला माणूस. ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "मी काय बोलू गं? सून बाळंत व्हायची हाय. पगार तिथनंच येतो."

तेवढ्यात माझी सून उठली. मला बरं वाटलं. म्हटलं, ही बारावी शिकलेली, आता ही बोलेल.

ती म्हणाली, "माझी हरकत नाय."

अंगावर पाल पडावी तसं मला झालं. ज्या भिंतीपलीकडे डीजे वाजणार, त्या भिंतीला लागून हिच्याच खोल्या. तुटणार ते हिचंच गिऱ्हाईक. आणि ही सगळ्यांसमोर सासूच्या तोंडावर हरकत नाय म्हणतेय. पुरुषांपैकी कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर तर तिच्या पाया पडायच्या बेतात होता.

"बसू नका," सून त्याला म्हणाली. "माझं आजून झालं नाय. अटी हायत."

ग्रामसेवक म्हणाला, "वहिनी, ठराव हरकतीचा नाहीतर ना हरकतीचा. अटीबिटी ह्यात बसत नाहीत."

"मंग ना हरकतीच्या खाली जागा असंल, तिथं लिवा." आणि ती मॅनेजरकडे वळली. "दादा, स्पीकर हॉलच्या आत लावायचे. बाहेर हिरवळीवर नाय. चालंल?"

मॅनेजर हसून म्हणाला, "काही हरकत नाही, ताई."

"रात्री धाला बंद म्हंजे बंद."

"कायदाच आहे, ताई. हरकत नाही."

"बाटली फाटकाच्या भायेर जानार नाय. धरणावर काच दिसली तर तुमची मान्सं उचलतील."

"हरकत नाही."

"प्यालेल्या मान्साला गाडी चालवू द्यायची नाय. ड्रायव्हर ठेवायचा नायतर खोली द्यायची."

"बरं. हरकत नाही."

"आनि शनिवारी-रविवारी कोनी फोन केला तर उचलनारा एक नंबर द्यायचा."

"अहो ताई, माझाच घ्या ना. काहीच हरकत नाही."

तेव्हा बायकांमधून खसखस ऐकू आली. सुनेने आपला मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून त्याच्या समोरच उभा केला होता, आणि तो सगळा वेळ चालू होता. मॅनेजरचं लक्ष गेलं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे हसायचे थांबले. सरपंच मात्र खो खो हसत होती. ती म्हणाली, "लिवा भाऊ, सगळं लिवा. समद्यांसमोर झालंय."

ठराव झाला. सगळ्यांना वाटलं, सून जिंकली. मला वाटलं, माझ्याच घरात मला कोणीतरी फसवलं.

घरी आल्यावर मी जेवले नाही. सून ताट घेऊन आली तर मी ते सरकवलं.

"तुज्या सासऱ्याचं काय झालं ठाऊक हाय ना तुला?" म्हटलं. "तरी दारूला हात वर केलास?"

"ठाऊक हाय." ती खाली बसली. "आई, ते पीत होते ती हातभट्टी. तिला कोनाचा परवाना होता?"

असं कोणी मला कधी विचारलं नव्हतं. ती हातभट्टी नाल्याच्या पलीकडे चालायची. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. माझा नवरा गेला तेव्हा मी भांडायला गेले, तर तिथे नुसती चूल होती, माणूस नाही. कोणाशी भांडणार?

सून म्हणाली, "आता पन तेच चाललंय. लोक पितात, आनि रिसॉर्टवाला म्हणतो, आमी नाय इकत, पाहुन्यांनी आनली. धरणावरच्या काचा कोनाच्या? कोनाच्याच नाय. परवाना घेतला की त्याचं नाव लागतं. वाईट वागला तर परवाना काढून घेता येतो. जो दिलाच नाय तो काढून कसा घेनार?"

"आनि नाय पाळल्या अटी तर?"

"तर भांडू. पन मान्साशी भांडू, हवेशी नाय."

मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. मी दारू जवळून बघितली आहे. परवान्याची दारू पोटात गेल्यावर काही वेगळी होत नाही. पण उपाशी किती वेळ राहणार? संध्याकाळी मी जेवले.

पावसाळा संपता संपता परवाना आला. रिसॉर्टच्या फाटकावर पाटी लागली. तिच्यावर ग्लासाचं चित्र. माझ्या जावेचा मुलगा त्या पाटीखाली नवीन गणवेश घालून उभा. त्याच्या टोपीलाही तेच चित्र.

पहिलाच शनिवार. आमच्याकडे ठाण्याची एक बाई आली होती, म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. त्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि महिनोन्‌महिने त्यांना धड झोप नव्हती. आधी एकदा ते इथे येऊन ढाराढूर झोपले होते, म्हणून तिने मुद्दाम ह्याच खोल्या धरल्या. सकाळी आले, पेज प्यायले, म्हातारा आडवा झाला. आणि भिंतीपलीकडून धडाम करून सुरू झालं. दिवसाढवळ्या. गाणं नव्हे, छातीत ठोके बसत होते. फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींवर वाजायला लागल्या. म्हातारा कानावर हात ठेवून खाटेवर बसला. थोड्या वेळाने त्याची मुलगी बाहेर आली. चेहरा कसनुसा.

"ताई, राग मानू नका. पण ह्यांना नाही सहन होणार. आम्ही निघतो."

सून चुलीपाशी होती, हात पिठाचे. तिने फोन लावला, त्या नंबरवर. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. पंचायतीत लावला, तर शनिवार. ग्रामसेवकाला लावला. तो म्हणाला, मी घरी आहे, आणि परवाना वरून झालाय, वर कळवा. सुनेने फोन खाली ठेवला आणि थापलेली भाकरी तव्यावर टाकायची विसरून नुसती बघत बसली. त्या बाईच्या बॅगा ओटीवर आल्या होत्या. मी त्या बॅगा बघितल्या आणि मला दिसलं, की आज ह्या गेल्या तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या जातील. मग खोल्यांना कुलूप, मग मुलाच्या कंपनीची वाट बघत बसायचं.

मी काठी घेतली.

फाटकावर माझा पुतण्या. "काकी, हिकडं कुठं?"

"आत जायचंय."

"आत? आवो, आत समदे वल्ले लोक हायत. तुमी नका जाऊ."

"वल्ल्या मान्सांना काय मी बघितलं नाय? भात लावताना आमी काय कोरडे होतो?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग माझ्याकडे पाठ केली. "मी तुमाला बघितलंच नाय," म्हणाला. मी आत गेले.

आत जे बघितलं त्याने मी जागच्या जागी थांबले. ऊन असं टळटळीत, आणि माणसं पाण्यात उभी राहून पीत होती. माझ्या मुलाच्या वयाचे पुरुष, चड्डीवर, हातात ग्लास. बायकाही. गळ्यात मंगळसूत्र, अंगावर पोहायचा पोशाख, आणि हातात ग्लास. मी आयुष्यभर दारू अंधारात बघितली. पिणारा लपून प्यायचा, त्याची बायको लपून रडायची. इथे कोणी लपत नव्हतं. एक बाप एका हाताने पोराला पोहायला शिकवत होता आणि दुसऱ्या हाताने ग्लास सांभाळत होता. मला शिव्या द्यायच्या होत्या, पण कोणाला द्यायच्या कळेना. कोणीच मला भांडणाऱ्यासारखं दिसेना.

आणि हिरवळीवर स्पीकर. कपाटाएवढे. पाठ हॉलकडे, तोंड आमच्या भिंतीकडे.

एका बाईने मला बघितलं. अंगाभोवती टॉवेल गुंडाळून ती लगबगीने आली आणि माझ्या कानाशी ओरडली, "आजी, बसा ना. पाणी देऊ?" मराठीच होती. तिने सावलीत खुर्ची ओढून दिली.

मी भिंतीकडे बोट दाखवलं. "तिकडं माझं घर हाय. आजारी मानूस झोपलाय."

तिचं तोंड उघडं राहिलं. "घर? आम्हाला वाटलं पलीकडे शेत आहे. आम्हाला कोणी सांगितलंच नाही, आजी."

ह्याने मला सगळ्यात जास्त धक्का बसला. मी समजत होते की हे लोक आम्हाला किडामुंगी समजतात. त्यांना तर आम्ही आहोत हेच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. हात जोडलेलेच. "आजी! या, या. आज आमच्याकडे पाय लागले. काय, काही हरकत?"

मी म्हटलं, "हाय."

तो थांबला. आमच्याकडे कोणी असं म्हणालंच, तर पुढे काहीतरी जोडतं, "पण जाऊ दे", "पण तू आपलाच हायस", "पण बघ बाबा". तो त्याचीच वाट बघत होता. मी काही जोडलं नाही. त्याच्याकडे बघत बसले.

"नाही म्हणजे, आजच्या दिवस जरा... पहिलाच कार्यक्रम आहे. आजी, चहा घेणार?"

"नाय."

ती टॉवेलवाली बाईही तिथेच उभी होती. ती त्याला म्हणाली, "अहो, शेजारी घर आहे म्हणून तुम्ही आम्हाला सांगायला नको का? आवाज आत घ्या ना. आम्हालाच एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाहीये."

मी म्हटलं, "फोन का उचलत नाय रं? सुनेच्या मोबाईलात तू हायस. हरकत नाही, हरकत नाही म्हणतोयस. तुझं तोंड माझ्यापेक्षा चांगलं आलंय."

वळून त्याने माणसं बोलावली. स्पीकर जड होते. फाटकावरून माझा पुतण्याही आला, उचलायला. ते हॉलच्या आत गेले, दारं लागली. आवाज गेला नाही, पण शेजारणीने मिक्सर लावावा एवढा राहिला.

घरी आले तर बॅगा गाडीत गेल्या होत्या. वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण ती बाई ओटीवरच बसली होती. म्हणाली, "बाबा म्हणतात, जेवून बघू." जेवण झालं. बॅगा गाडीतच. आम्ही कोणी बॅगांचं नाव काढलं नाही. मग मागच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. असलं मोठं घोरणं की स्वयंपाकघरात ऐकू यावं. सुनेने मान वर केली, ऐकलं, आणि परातीत आणखी पीठ घेतलं. संध्याकाळच्या भाकरीचं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. स्पीकर अधूनमधून बाहेर येतात. मग सून फोन करते, तो उचलत नाही, मग मी जाते. पुतण्या पाठ फिरवतो. एकदा मला आधीच येताना बघून त्यांनी आवाज आत घेतला. काठीचा एवढा उपयोग मला ठाऊक नव्हता. धरणावरच्या काचा कमी झाल्या, संपल्या नाहीत. ड्रायव्हर त्यांनी ठेवला होता, मग काढला, मग सुनेने सरपंचाला घेऊन जाऊन परत ठेवायला लावला.

मी ग्रामसेवकाला एकदा म्हटलं, "माझ्या मोरीत वाकून बघायला साहेब आला होता. ह्या भिंतीपाशी शनिवारी दुपारी येऊन कोनी उभं राहिलं का? दारूचा कागद द्यायच्या आधी?" तो म्हणाला, तशी पद्धत नाही. मग करा की पद्धत. खुर्चीत बसून आवाज ऐकू येत नाही. बायकांना विचारायचं तर पेढे घेऊन एकेकीच्या ओटीवर जायचं नाही. सगळ्यांना एकत्र बसवून सरळ दारू म्हणायचं, आणि त्यांनी काय काय हवं ते सांगेपर्यंत थांबायचं. एका माणसाने नाव लावून म्हणायचं, काही झालं तर मी. धंदेवाल्यालाही त्यात तोटा नाही. त्या टॉवेलवाल्या बाईला आधी सांगितलं असतं तर तिने आपणहूनच आवाज आत घ्यायला लावला असता. दारू मला आवडत नाही आणि मरेपर्यंत आवडणार नाही. पण लपलेल्या चुलीपेक्षा पाटी बरी. पाटीखाली जाऊन उभं राहता येतं.

माझ्या जावेने माझ्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं. मग तिची सून बाळंत झाली, मी डिंकाचे लाडू घेऊन गेले, तिने घेतले.

गेल्या आठवड्यात सून माझ्यापाशी येऊन उभी राहिली. हातात ओलं फडकं, ते पिळत होती. मला कळलं, काहीतरी मागायचं आहे.

"आई, येत्या शनिवारी ठान्याचं ते बाबा येतायत, आनि त्येंचं भाऊ-भावजय बी. दोन्ही खोल्या भरल्या. तुमची खोली एक दिवस दिली तर... तुमची हरकत नाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

ती बघतच राहिली. फडक्याचं पाणी तिच्या पायावर पडत होतं.

"अटी लिव," म्हटलं. "माझी खाट ओटीवर काढायची. पंखा खाटेबरोबर. आनि त्या घोरनाऱ्याला माझ्या खोलीत नाय ठेवायचं, मागंच ठेव."

ती हसत सुटली. हसता हसता तिने मोबाईल काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"परत बोला, आई."

मी पदर नीट केला आणि परत बोलले.